मचूळ पाणी आणि चार गुलाब : मेअखेरची नोंद

आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीच्या पट्ट्यात, होळी झाली की विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागतं. यंदा मार्चच्या सुरुवातीला टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) ७८० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ७८० भाग, होतं, एप्रिलअखेर १४६०. सदाफुली, बोगनवेल, कण्हेर यांना त्याचं काही नाही. गुलाबाच्या जुन्या पानांच्या कडा मात्र टोकाकडून करपत आल्या. मधली शीर हिरवी, काठ तपकिरी आणि हाताला कुरकुरीत.

दोन उन्हाळे मी पाणी खारट म्हणून जपून घालत होते, रोज अर्धा तांब्या. तिथेच चुकत होतं. पाणी उडून जातं, मीठ कुंडीतच साठतं. २६ एप्रिलला एका कुंडीखाली थाळी ठेवली आणि निचऱ्याचं पाणी मोजलं. ५२००! विहिरीच्या पाण्याच्या साडेतीन पट. माझे गुलाब त्यात उभे होते.

त्याच दिवशी चारही कुंड्या धुतल्या, आणि त्याही विहिरीच्याच पाण्याने. बारा इंची कुंडीला वीस लिटर, सावकाश, तीन खेपांत. शेवटच्या थाळीत १७०० आलं.

तेव्हापासून गेल्या पावसात पन्हाळीखाली भरून ठेवलेल्या पिंपातलं पाणी निम्मं आणि विहिरीचं निम्मं. साधारण तिसरा हिस्सा खालून निघेपर्यंत घालते, थाळी लगेच ओतून टाकते, नाहीतर कुंडी तेच पाणी परत ओढून घेते. माती पुरती सुकू देत नाही, कारण ओल कमी झाली की उरलेल्या पाण्यातलं मीठ दाट होतं. झारी पानांवर धरणं बंद, पाणी थेट बुंध्याशी. वर नारळाच्या सोडणाचं आच्छादन. सोडणं आधी भिजवून, पाणी बदलून धुवा, त्यांच्यातही मीठ असतं. कोकोपीटच्या (नारळाच्या सोडणाचा भुसा) विटेचं पहिलं पाणी माझ्याकडे २३०० निघालं होतं.

लाल पोटॅश हे खत थांबवलं, त्यात क्लोराइड, म्हणजे मिठातलाच एक घटक, असतं. लागलंच तर सल्फेट ऑफ पोटॅश, तेही निम्म्या मात्रेत. जिप्सम (खारट माती सुधारायला घालतात ते खनिज) घालणाऱ्यांनी एवढं बघा : ते मिठातल्या सोडियमला मातीच्या कणांपासून सोडवतं, पण बाहेर नेणार निचराच.

आजचा निचरा २१००. करपलेली पानं तशीच आहेत, ती सुधारत नाहीत. पण तीन झाडांना तांबूस कोंब आलेत आणि नव्या पानांच्या कडा अगदी स्वच्छ आहेत. चौथं अजून गप्प आहे. त्याच्या बुडाचं भोक मुळांनी बुजलंय, उद्या मोकळं करते.