दळणाचा डबा

दुपारी मंडईतून आले. दोन्ही हातांत पिशव्या, एकीतून पालक डोकावतोय, आणि मनगटावरचं घड्याळ म्हणतंय, आजचा व्यायाम शून्य मिनिटं. पावलंही धड मोजलेली नाहीत. हे यंत्र हाताच्या हेलकाव्यावरून पावलं ओळखतं. पिशवी धरलेला हात हलत नाही, म्हणजे बाई चाललीच नाही. जितकं ओझं जास्त, तितकी त्याच्या लेखी मेहनत कमी!

"आई, ते असंच चालणं. त्याला वर्कआउट धरत नाहीत," इति कन्या. धरत नाहीत म्हणजे कोण? जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२० साली सलग दहा मिनिटांची अटही काढून टाकली. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाची हालचाल, तुकड्यातुकड्यांनी झाली तरी चालेल. मध्यम दम म्हणजे बोलता यावं, पण गाता येऊ नये. मला गाणं एरवीही येत नाही, तेव्हा तो निकाल राखीव.

आमचे बाबा नोकरीभर डोंबिवलीत घर ते स्टेशन चालत गेले. रिक्षाचे पैसे वाचवायला, सांगायचे मात्र, "रिक्षावाले जवळचं भाडं घेत नाहीत." पुढे दादरचा पूल, गर्दीत अर्धं अर्धं पाऊल, मग ऑफिस. तरी 'आयुष्यात कधी व्यायाम केला नाही' हे तेच अभिमानाने सांगत. निवृत्त झाल्यावर पांढरे कॅनव्हासचे बूट आले, माकडटोपी आली आणि बाबा बागेत चालायला जाऊ लागले. बाग लांब, म्हणून मित्रमंडळ शेअर रिक्षाने जाई. दोन फेऱ्या, मग बाकावर बसून सरकार पाडणं, मग इडली. आई म्हणायची, "येताना गिरणीतून दळण आणा." बाबा दुखावायचे. "अगं, मी व्यायामाला चाललोय!" डबा हातात आला की तेच चालणं काम होई, आणि काम आईचं.

बाकी तो रोजच्या दहा हजार पावलांचा आकडाही काही संशोधनातून निघालेला नव्हे. टोकियो ऑलिंपिकनंतरच्या वर्षी, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्याबरोबर तो आला. विकायला बरा, गोल आकडा. त्याच्यापायी आमच्याकडे रात्री साडेअकराला हॉलमध्ये येरझारा चालतात. खालच्या मजल्यावरचे काय म्हणत असतील, कोण जाणे.

परवा कामाच्या मावशींनी विचारलं, "ताई, हे घड्याळ काय करतं?"

"पावलं मोजतं."

"मोजून?"

मावशी सहा घरं करतात, तीही तीन इमारतींत. त्यांचे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी चालणं आणि जिने कमी करायला सांगितलंय. त्यातलं कुठलं घर सोडू, असं त्या मला विचारत होत्या.

आमचं तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही.