कडुनिंबाच्या गळ्यातलं सिमेंट

आमच्या लेआउटमधला रस्ता सिमेंटचा झाला, कडेला गट्टू बसले, सगळ्यांनी फोटो टाकले. मीही टाकला. दीड वर्षानं एप्रिलच्या दुपारी कडुनिंबाखाली गाडी लावली, चावी पडली म्हणून वाकलो, तेव्हा दिसलं. सिमेंट बुंध्याला थेट भिडलेलं आणि साल त्यावरून बाहेर आलेली, आवळलेल्या पट्ट्यावरून पोट यावं तशी. रांगेतली सातही झाडं अशीच.

नागपूरचं ऊन नागपूरकराला काय सांगायचं? मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. रसवंती, पंक्चरवाला, तर्री-पोह्याचा ठेला, सगळे सावली बघूनच बस्तान मांडतात. आणि आपण त्याच सावलीचा गळा दाबून बसलो होतो.

पहिला प्रश्न, रस्ता कोणाचा? शहरात काही रस्ते महापालिकेचे, काही सुधार प्रन्यासचे, काही बांधकाम विभागाचे. ते कळण्यातच तीन चकरा झाल्या. मग कळलं की रस्ता एका टेबलाचा आणि झाडं दुसऱ्याची. मी दोन पानी अर्ज दिला, पर्यावरण, पुढच्या पिढ्या वगैरे. पोच मिळाली, बाकी काही नाही. शेवटी आवक-जावकच्या बाईंनीच सांगितलं, "भाऊ, निबंध नका लिहू. कोणतं काम, किती झाडं, तेवढं लिहा."

कामाची माहिती मिळवायला माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून कार्यादेश, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली. तीस दिवस गेले, उत्तर नाही. वीस रुपयांचं प्रथम अपील केलं, तेव्हा कागद आले. खरी गोष्ट त्या मोजमाप पुस्तिकेत होती. लांबी गुणिले रुंदी, बस. झाडांची जागा वजाच नाही. नकाशातही झाडं नाहीत. कोणाला झाडांचा राग होता असं नाही. कागदावर झाड नव्हतं, म्हणून जमिनीवर आळं नव्हतं.

दुसरा अर्ज अर्ध्या पानाचा. सात झाडं, प्रत्येकाचा घेर (आईच्या शिलाईच्या टेपनं मोजलेला), फोटो. राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्याचा उल्लेख केला, शिवाय झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी करा असं सांगणारा हरित लवादाचा २०१३ चा आदेशही जोडला. साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "हे तर दिल्लीचं आहे." होतंच दिल्लीचं, मी मान्य केलं. त्यांची नजर थांबली ती शेवटच्या ओळीवर: काम अजून दोष दायित्व कालावधीत आहे. म्हणजे दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चानं. त्यांनी लगेच फोन लावला.

नोव्हेंबरमध्ये माणसं आली, सोबत ब्रेकर. मी अक्षरशः आडवा झालो. ब्रेकर बुंध्याशी नेला तर मुळंच तुटतील, म्हणून शेवटचा हातभर भाग छन्नी-हातोड्यानं करायला लावला. पहिला तुकडा उचलला तेव्हा खालची बाजू बघितली. बारीक मुळं सिमेंटला खालून चिकटून आडवी पसरली होती, हवा शोधत गेल्यासारखी. पावसाळा नुकताच संपला होता, तरी माती कोरडी, ढेकळासारखी. शेणखत मिसळून आळी भरली, पण जमिनीच्या पातळीलाच. कट्टा बांधून बुंध्यावर माती चढवली की साल कुजते. आपल्याकडे हौसेनं नेमकं तेच करतात.

समोरचे काका गेटात उभे होते. "काहून उकरून राहिले बाप्पा, चांगलं होतं नं? पालापाचोळा, चिखल होईल." सातवं झाड त्यांच्या रॅम्पला लागून. त्यांनी हात लावू दिला नाही. सहा झाली.

जुलैत जोराचा पाऊस पडला. नवा रस्ता घरांपेक्षा उंच, त्यामुळे काकांच्या पोर्चमध्ये घोट्याएवढं पाणी. आमच्या बाजूला आळ्यांत पाणी मुरत होतं. सगळं नाही, पण पोर्च कोरडा राहिला. संध्याकाळी काका छत्री घेऊन आले. "त्या अर्जाची कॉपी आहे काय तुमच्यापाशी?"

होती. खालची सही तेवढी त्यांची घेतली.