अंगात येणारा ब्लोअर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीतनं फोन आला की वाक्य ठरलेलं असतं, ‘ब्लोअर हलतोय, बॅलन्सिंग करून जावा.’ रोग आणि औषध दोन्ही त्यांनीच ठरवलेलं. आपण फक्त सुई टोचायची.

हा धूळ ओढायचा ब्लोअर. पात्यांवर वाळूची पुटं चढतात, तोल जातो. म्हणून मलाही संशय आला नाही. बेअरिंगवर कंपन ११ मिलिमीटर प्रति सेकंद. पाती खरवडली, वजन वेल्ड केलं, ४ वर आणलं, बिल केलं. आठवड्यात पुन्हा ११. पुन्हा गेलो, पुन्हा बिल.

त्या दुसऱ्या खेपेला फेज, म्हणजे कंपनाचा कोन, ठरत नव्हता, हे मला दिसत होतं. कशाला हात न लावता दहा मिनिटांत ६० अंशांचा ९५ झाला. वजन कुठं लावायचं ते त्या कोनावरनंच ठरतं. मी टॅकोची, म्हणजे फेरे मोजायच्या यंत्राची, टेप बदलली, केबलला शिव्या घातल्या. तिथले म्हातारे फिटर मामा बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, “साहेब, त्यो बंद हुताना बघा की. मधी एकदा अंगात आल्यागत करतोय. लई वर्सं हाय तसंच.” मी ‘हो हो’ म्हटलं आणि टेप चिकटवत बसलो.

तिसऱ्या खेपेला बघितलं. फेरे उतरता उतरता मधेच सगळं स्टँड थरथरलं आणि लगेच गप्प झालं. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला.

वीज वाचावी म्हणून चार महिन्यांपूर्वी व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारी ड्राइव्ह, बसवली होती. ५० हर्ट्झवर ब्लोअर मिनिटाला १,४४० फेरे फिरायचा, आता ३८ वर १,१२०. म्हणजे सेकंदाला १८.७. जेवणाच्या सुट्टीत बंद ब्लोअरच्या स्टँडवर लाकडी हातोडा मारला, तर आलेखावर टोक उठलं १८.५ ला. स्टँडची स्वतःची लय तीच. पूर्वी चालू-बंद होताना हा टप्पा काही सेकंदांत निघून जायचा; आता त्यावरच मुक्काम. तिथं चिमूटभर धुळीनंही कंपनाचा डोंगर होतो, आणि फेरे जरासे मागंपुढं झाले की फेज घसरतो. व्हीएफडी विकणाऱ्यानं वीजबिल विचारलं, पण स्टँड कुणी बघितलं नाही. मीही नाही.

मालकांना म्हटलं, ड्राइव्हमध्ये ३३ ते ४४ हर्ट्झ हा पट्टा वगळू, ४४ वर चालवा. त्यांचं तोंड उतरलं. पंख्याची वीज फेऱ्यांच्या घनात घटते: ३८ हर्ट्झवर पुऱ्या वेगाच्या सुमारे ४४ टक्के लागते, ४४ हर्ट्झवर ६८ टक्के. ते म्हणाले, “मग स्टँडला दोन लोखंडी अँगल वेल्ड करून टाकूया की.” इथंच घोळ होतो. वारंवारता दुप्पट करायला कडकपणा चौपट लागतो. अर्धवट आधार दिला तर १८.५ सरकून २४ जवळ येईल, आणि पुऱ्या वेगाचे १,४४० फेरे म्हणजे नेमके २४. गरज पडून पूर्ण वेगानं चालवला की तिथं हलणार.

तूर्त पट्टा वगळलाय. अँगलचं डिझाईन चाललंय.

परवा मामा गेटवर भेटले, काही बोलले नाहीत, तंबाखू मळत हसले. पहिल्या बिलाचे पैसे आलेत. दुसरं अजून अकाउंट्समध्ये पडून आहे, आणि मी अजून तगादा लावलेला नाही.