फेंट, चिंधी आणि दहा किलो तांदूळ

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून या गावात कापड निघतंय आणि चिंधीही पडतेय. नाव कापडाचं होतं. चिंधीवर आमचं घर चालतं हे सांगायला सुरुवातीला माझ्या नवऱ्यालाही लाज वाटायची.

धंदा सुरू झाला तो शेजारच्या आक्कांमुळं. त्यांचा हात वाकळीचा, म्हणजे गोधडीचा, धावदोरा असा की पट्टी लावून बघावं. मी पोत्यानं चिंधी आणायची, त्यांनी थर लावायचे. पण एका वाकळीत महिना जातो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "जुन्या कापडाला एवढे पैसे?" म्हणून पिशव्यांवर आलो. फेंट म्हणजे थानातून उरलेला कापडाचा मोठा तुकडा. तो चिंधीपेक्षा महाग पडतो, पण पॉपलीनचा बरा फेंट मिळाला तर एका तुकड्यात पिशवी बसते, मधे जोड येत नाही.

कात्री पहिल्या दिवसापासून एकच आहे, मेरठची, पितळी मुठीची. या कात्र्यांची पातीही भंगारातल्या पोलादाची असतात, म्हणजे आमच्याच गोतावळ्यातली. त्या कात्रीनं कुणी कागद कापलेला मी आजही खपवून घेत नाही.

पहिलं पक्कं गिऱ्हाईक म्हणजे बाजारातले किराणावाले काका. नमुना नेला तर त्यांनी त्यात दहा किलो तांदूळ भरले आणि पिशवी रात्रभर खुंटीला टांगून ठेवली. "फाटली तर तांदूळ तुझे, पैसे माझे," म्हणाले. सकाळी एका बंदाची, म्हणजे हातात धरायच्या पट्टीची, शिलाई उसवलेली. तेव्हापासून बंदाला चौकोन आणि त्यात फुली अशीच शिलाई घालतो. नवीन लोक दोन सरळ टाके मारून मोकळे होतात. बायांनो, बंदाचं टोक पिशवीच्या आत निदान दोन इंच तरी घ्या!

मग आलं 2018. मार्चमध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली, 23 जूनपासून अंमल. दुकानदार दारात यायला लागले. मी पाटल्या गहाण टाकून दोन मशिनं घेतली, सहा हजार पिशव्या शिवल्या. आमची पिशवी अठरा रुपयांना. तेवढ्यात गावातल्याच एका व्यापाऱ्यानं तीन रुपयांची पिशवी आणली, वर हिरवं पान आणि 'कापडी पिशवी' असं छापलेलं. ती नॉनवोव्हन, म्हणजे न विणता प्लॅस्टिकचे तंतू चिकटवून केलेली. बंदीच्या यादीत तीही होती, पण बघतंय कोण? आणि हाच माणूस आधी माझ्याकडं येऊन चहा पिऊन, आमच्या पिशवीचं माप घेऊन गेला होता.

पारखायचं असेल तर एक धागा काढून काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. नॉनवोव्हन वितळतं, त्याचा मणी होतो. मी चार दुकानांत हे करून दाखवलं. तिघं हसले. काकांनी त्याच्या पिशव्या परत पाठवल्या आणि वर पाटी लावली: आमची पिशवी परत आणा, बिलातून पाच रुपये वजा.

राहिलेला माल 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरानं नेला. नेला कसला, चिखलात घालून परत दिला. आठ दिवसांनी दार उघडलं तर वासानं आत जाववेना. धुण्याचा सोडा घालून पिशव्या उकळल्या, गच्चीवर वाळवल्या, तरी बुरशीचे काळे ठिपके राहिले. एक मशीन विकलं. मी म्हटलं, आता बंद. आक्कांनी ठिपक्यांच्या पिशव्या उसवायला घेतल्या आणि म्हणाल्या, "पाय पुसायला डाग बघतंय का कोण?" त्याच आठवड्यात काकांनी चार हजार रुपये हातावर ठेवले. कागद नाही, सही नाही. "दिवाळीपर्यंत दे माल."

त्यानंतर धंदा ठीक चाललाय. लॉकडाऊनमध्ये मास्क शिवले, ते सगळ्यांनीच शिवले. आज सहा बाया आहेत. काकांचं दुकान आता मुलगा बघतो, पण तांदूळ भरून बघायचं त्यानंही सोडलेलं नाही.

गेल्या महिन्यात त्या व्यापाऱ्याचा माणूस आला. सुती पिशव्या हव्यात, दोन हजार. सव्वीस रुपये सांगितला दर, सगळे आगाऊ. चहा विचारला नाही.