गप्प राहिलेली पात्रं

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा डोळ्यांसमोर आली ती एक खोडलेली ओळ. नववीत राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकावर प्रश्न होता : सिंधूचे स्वभावचित्रण करा. मी लिहिलं होतं, ‘सिंधू ही सोशिक, पतिव्रता, त्यागी व प्रेमळ स्त्री आहे.’ गाइडातलं वाक्य, काना-मात्रेसकट. मराठीच्या बाईंनी चारही विशेषणांवर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘ही सीतेलाही चालतील. सिंधू कुठे आहे?’ पाचापैकी एक मार्क. तोही बहुधा अक्षराचा.

बाईंचं नाव इथे लिहीत नाही. स्मरणिकेत आपलं नाव छापून आलेलं त्यांना आवडलं नसतं. ज्यांना त्या शिकवायला होत्या त्यांना ओळख पटेलच.

मी चिडून विचारलं, ‘बाई, मग विशेषणं लिहायचीच नाहीत का?’ त्या म्हणाल्या, ‘लिही की. पण आधी ती काय करते ते लिही, आणि विशेषण शेवटी, तेही एकच.’ मग मी पुस्तक पुन्हा उघडलं. नाटक १९१९ साली रंगभूमीवर आलं, त्याच वर्षी जानेवारीत गडकरी गेले होते. पदं त्यांची नाहीत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. हे सांगून बाईंनी बजावलं होतं, ‘सिंधू शोधायची तर गाण्यात नको, गद्यात शोध.’ ऐकणाऱ्याला सिंधू म्हटलं की गाणीच आठवतात, आणि गाण्यांतली सिंधू फार हळवी आहे. गद्यातली तशी नाही. माहेर सुखवस्तू असताना ती तिकडे जाऊन राहत नाही, दळण दळते. मला एकदम वाटलं, ही सोशिक नाही, मानी आहे. तिचा नवरा सुधाकर वकील, त्याचं सगळं बिनसतं तेही मानामुळेच. कोर्टात अपमान होतो, तोंड सुटतं, काही काळासाठी वकिलीची सनद जाते आणि मग त्याचा कारकून तळीराम पेला पुढे करतो. म्हणजे दारूच्या आधी अभिमान आहे. एका घरात दोन मानी माणसं. एकाचा मान त्याला बुडवतो, दुसरीचा तिला उभं ठेवतो आणि बुडूही देत नाही, वाचूही देत नाही. मी ‘मानी’ हा एकच शब्द लिहून वही दिली. बाईंनी पाचापैकी चार दिले. एक का कापला विचारलं, तर म्हणाल्या, ‘तळीरामाची बायको गीता विसरलास. ती नवऱ्याला तोंडावर बोलते. गडकऱ्यांनी ती उगाच शेजारी ठेवली असेल?’

परीक्षेत मी हेच उत्तर लिहिलं. तपासणाऱ्यांनी ‘विषय सोडून’ असा शेरा मारला. ते कोण होते माहीत नाही, आणि आता राग उरलेला नाही, म्हणजे फारसा नाही.

नाटकाची मध्यवर्ती कल्पना हाही बाईंचा आवडता सापळा होता. ‘मत्सर’, ‘महत्त्वाकांक्षा’, ‘दारूचे दुष्परिणाम’ असं एका शब्दात कुणी उत्तर दिलं की त्या विचारायच्या, ‘क्रियापद कुठंय? मत्सराचं काय होतं?’ पूर्ण वाक्य केलं की, ‘आता हे नाटकात कोणत्या पानावर दिसतं?’ या दोन प्रश्नांपुढे निम्मी वाक्यं वर्गातच गळून पडायची. याच ओघात त्यांनी सांगितलं होतं की आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं (१८८३) तेव्हा त्याला ‘विकारविलसित’ असं नाव दिलं. नायकाचं नाव काढून मनाच्या विकारांचं नाव दिलं, म्हणजे अनुवादाआधी त्यांनी अर्थ लावला होता. शीर्षक हेसुद्धा एक मत असतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

पण मला सांगायचंय ते कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या तासांबद्दल. ते अभ्यासक्रमात नव्हतं. ऑफ तासाला बाई मराठी अनुवाद घेऊन यायच्या. महाभारतातल्या मूळ गोष्टीत राजा दुष्यंताला शकुंतलेशी झालेलं लग्न आठवत असतं. लोक काय म्हणतील म्हणून तो ओळख नाकारतो, आणि आकाशवाणी झाल्यावर पत्नीला स्वीकारतो. कालिदासाने मध्ये राजा तिला विसरेल असा दुर्वासाचा शाप आणि तो उतरवणारी अंगठी घातली. आमच्यातला एक हुशार मुलगा म्हणाला, ‘म्हणजे राजाला सोडवला.’ बाई म्हणाल्या, ‘खरंच सोडवला? पाचव्या अंकाची सुरुवात वाच.’ तिथे राणी हंसपदिका आत गात असते : नव्या मधाच्या लोभाने आंब्याच्या मोहोराला विसरलेला भुंगा. राजाच म्हणतो की हा टोमणा आपल्याला आहे. शापाने त्याची स्मृती गेली हे खरं, पण विसरण्याची सवय शापाआधीची होती, एवढं कवीने एका गाण्यात सांगून ठेवलं. आणि ते गाणं ऐकताना राजाला उगाच हुरहुर लागते, कशाची ते त्याला कळत नाही. गुन्हेगार आणि निरपराध एकाच माणसात.

मग त्यांनी विचारलं, ‘शाप कुणाकुणाला माहीत आहे?’ आम्ही म्हणालो, सगळ्यांना. ‘सगळ्यांना म्हणजे तुम्हाला. नाटकातल्या कुणाला?’ पानं चाळली. शाप पडद्यामागून येतो. शकुंतला विचारात बुडालेली, तिला तो ऐकूच येत नाही. ऐकतात फक्त तिच्या मैत्रिणी, अनसूया आणि प्रियंवदा. त्या ठरवतात, हिला सांगायचं नाही. नवमालिकेच्या वेलीवर कढत पाणी कोण ओतेल? शकुंतला सासरी निघताना एवढंच सांगतात की राजाला ओळख पटायला वेळ लागला तर अंगठी दाखव. शकुंतला दचकते, आणि त्या समजूत घालतात की माया नसत्या शंका काढते. दरबारात तिच्याबरोबर आश्रमातली वडीलधारी गौतमी जाते, कण्वांचे शिष्य शार्ङ्गरव आणि शारद्वत जातात. ज्या दोघींना माहीत आहे त्या आश्रमात मागे राहतात.

वर्गात कुणी बोललं नाही. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, ‘बाई, मग चूक मैत्रिणींची.’ बाई म्हणाल्या, ‘चूक म्हण, प्रेम म्हण. पण यापुढे नाटक वाचताना आधी बघा, कोण गप्प आहे.’

अॅरिस्टॉटलचा ‘हॅमार्शिया’ हा शोकांतिकेबद्दलचा शब्द आपल्याकडे सर्रास ‘नायकाचा दुर्गुण’ म्हणून शिकवला जातो. मूळ अर्थ चुकण्याकडे झुकतो, नेम चुकावा तसं. बाईंनी तो शब्द कधी वापरला नाही, पण अनसूया-प्रियंवदा दाखवून नेमका तोच समजावला असं आता वाटतं.

नोकरीच्या ठिकाणी आमचा हौशी नाट्यसंघ आहे. मागे आम्ही शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मधले काही प्रवेश बसवले. (मराठीत हे नाटक देवलांनी १८९० मध्ये ‘झुंझारराव’ म्हणून आणलं, आम्ही मूळ धरून चाललो.) सगळ्यांचं लक्ष ऑथेल्लोचे कान भरणाऱ्या इयागोकडे. मला मात्र त्याची बायको एमिलिया सोडवेना. ती ऑथेल्लोच्या बायकोची, डेस्डिमोनाची, दासी. ऑथेल्लोने दिलेला डेस्डिमोनाचा रुमाल पडतो तो तीच उचलते, नवऱ्याने पुष्कळदा मागितलेला असतो म्हणून त्याला देते, आणि इयागो तोच डेस्डिमोनाच्या बेइमानीचा पुरावा म्हणून वापरतो. पुढच्याच प्रवेशात डेस्डिमोना विचारते, रुमाल कुठे गेला असेल गं? ती म्हणते, ‘माहीत नाही, बाईसाहेब.’ मग ऑथेल्लोचं त्या रुमालावरून बिथरणं ती समोर उभी राहून बघते, तरी गप्प. शेवटच्या अंकात ती बोलते, सगळं बोलते, आणि नवऱ्याच्या हातून मरते. नाटकभर ज्याची जीभ थांबली नाही तो इयागो तेव्हा सांगतो, आता मी एक शब्दही बोलणार नाही.

शकुंतलेची अंगठी माशाच्या पोटातून का होईना, परत येते. रुमालाचं खरं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, ऑथेल्लोने डेस्डिमोनाला मारलेलं असतं.

आमची एमिलिया करणारी मुलगी ते ‘माहीत नाही’ घाबरून म्हणायची. मग कपटाने म्हणून पाहिलं, मग निर्विकारपणे. काहीच जमेना. तालमीच्या चौथ्या दिवशी मी तिला विचारलं, ‘तू या वेळी काय करतेयस?’ ती म्हणाली, ‘काही नाही, उभी आहे.’ आम्ही तिच्या हातात घड्या घालायला एक चादर दिली. डेस्डिमोनाने प्रश्न विचारला, तिचे हात अर्ध्या घडीवर थांबले, ‘माहीत नाही, बाईसाहेब’ म्हणाली आणि घडी पूर्ण केली. तालीम बघत बसलेल्यांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, ‘अगं, सांग ना.’