शेवटून दुसरी ओळ

यहुदी पंचांगातल्या आव महिन्याची नवमी आली की आमच्या घरी वाल भिजत पडायचे. मोड आले की आजी ते कोमट पाण्यात टाकून सोलायला बसे. चिमटीत दाबला की साल हातात आणि दाणा टुण्णकन परातीबाहेर. जेरुसलेमचं मंदिर दोनदा पाडलं गेलं, त्याच्या शोकाचा हा दिवस, तिशा बेआव. आजीच्या तोंडी मात्र कायम ‘बिरड्याचा सण’. शोकाच्या उपासाला सण म्हणावं ते आम्ही बेने इस्राएलांनीच, कोकणातल्या मराठी यहुद्यांनीच!

त्या रात्री सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनामंदिरात, सगळे जमिनीवर बसत आणि रडवेल्या चालीत ‘एखा’, म्हणजे विलापगीत, वाचलं जाई. त्याची शेवटची ओळ अशी, की तू आम्हाला पुरतं झिडकारलंस, आमच्यावर अतोनात रागावलास. पुस्तक इथं संपतं. वाचणारा संपवत नाही. तो एक ओळ मागे येतो, ‘आमचे दिवस पूर्वीसारखे नवे कर’ पुन्हा म्हणतो आणि मग थांबतो. लहानपणी मला वाटायचं, प्रार्थना म्हणणारे हझानकाका ओळ चुकले.

यशया या संदेष्ट्याचं पुस्तकही असंच. शेवटी प्रेतं आणि न मरणारे किडे. अमावास्येनंतरचा पहिला दिवस शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनी, आला की हा भाग वाचतात आणि त्या किड्यांवरून मागे येऊन नवचंद्राच्या ओळीवर टेकतात. मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकाची अखेर तर विनाशाच्या धमकीवर. एक ओळ मागे गेलं की भेटतो एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया! तो आमच्या घरचाच. त्याच्या नावानं भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं मांडून मलिदा करतो. अलिबागजवळच्या खंडाळ्यात तर त्याच्या रथाची खूण खडकावर दाखवतात.

नवमीनंतरच्या सात शब्बाथांना तोरा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतला भाग, वाचून झाला की यशयातले दिलाशाचे भाग येतात. पहिल्याची सुरुवातच ‘सांत्वन करा, सांत्वन करा’, दोनदा. दुसऱ्या आठवड्यात सियोन, म्हणजे जेरुसलेम नगरी, कुरकुरते, देव मला विसरला. उत्तर येतं, आई तान्ह्याला विसरेल का? तरी तिसऱ्या आठवड्याचा भाग उघडतो तो ‘सांत्वन न लाभलेली’ अशा हाकेनं! म्हणजे समजूत अजून पटलेली नाहीच. हे मला फार आवडतं. एका आठवड्यात डोळे पुसले असते तर माझा विश्वास बसला नसता.

आजी कुणाच्या घरून निघताना ‘जाते’ म्हणत नसे, ‘येते’ म्हणे. तिची बांगडी कधी फुटली नाही, वाढवली. एकदा वाल सोलता सोलता मी तिला विचारलं, हझानकाका मागची ओळ पुन्हा का वाचतात?

“मग काय, तसं बोलून उठायचं होय?” ती म्हणाली, आणि पाटाखाली घरंगळलेला दाणा उचलून परातीत टाकला.