गाडीच्या नंबर प्लेटवरचं इंग्रजी

जळगावात अजिंठा चौफुलीवर अडकलं की बाकीचे लोक मोबाईल काढतात, मी पुढच्या गाडीची नंबर प्लेट वाचतो. वाचतो म्हणजे कसं, तर एमएच 19 च्या पुढे जी दोन अक्षरं असतात ती घ्यायची आणि एम, एच आणि ती दोन, अशी चारही ज्यात ओळीने येतील असा लांबात लांब इंग्रजी शब्द शोधायचा. मधे दुसरी कितीही अक्षरं घुसली तरी चालतील, पण नंबर मोडून कुणी पुढे यायचं नाही.

समजा सीएल आलं. पहिल्यांदा मेकॅनिकल सुचतं, ते कुणालाही सुचतं, दहा अक्षरं. मग थोडं डोकं खाजवलं की मॅथेमॅटिकली सापडतं. एम ए टी एच, ई एम ए टी, आय सी ए एल एल वाय, चौदा! स्पेलिंगं आम्ही मराठी शाळेत अशीच ताल धरून पाठ केलेली आहेत, त्यामुळे अक्षरं मोजायला मला बोटं लागत नाहीत. डीजी आलं तर मर्चंडायझिंग, तेरा. आणि प्लेटवर आय आणि ओ ही अक्षरं देतच नाहीत, एक आणि शून्याशी घोळ होतो म्हणून, म्हणजे इंग्रजीत ज्या "शन"वाल्या शेपट्या असतात त्यातली नेमकी ही दोन अक्षरं कुणी मागतच नाही, ती आपली नुसती लांबी वाढवायला फुकट.

शेजारच्या सीटवर मित्र असला तर तो म्हणतो, "भो, हाई काय येडापन शे?" आणि सिग्नल सुटायच्या आत स्वतःच एक शब्द टाकतो.

आता गंमत बघा. इंग्रजीतले ते जगप्रसिद्ध लांबलचक शब्द असतात ना, गॅदरिंगमध्ये एखादा पोरगा एका दमात म्हणतो आणि टाळ्या घेतो, त्यातले बरेचसे आमच्या एमएचपुढे नापास आहेत. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिऑसिस, तब्बल 45 अक्षरं, बारीक सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी 1935 च्या सुमाराला मुद्दाम लांब व्हावा म्हणूनच तो बनवला होता. पण 45 अक्षरांत एच एकदाही नाही! एवढा मोठा वाडा बांधला आणि मोरीच ठेवली नाही. फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन घ्या, 29 अक्षरं, एच आहे तर एम नाही. मग अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम, 28, त्यात दोन्ही आहेत, पण "एस्टॅब्लिश"मधला एच आधी येऊन बसतो आणि "मेंट"चा एम मागून येतो, म्हणजे परत बाद. मला तर हे शब्द तसेही आवडत नाहीत, ते बोलायला नाहीच, फक्त मोजायला आहेत.

सगळी भांडणं होतात ती या क्रमावरूनच. एकदा पुढे बीव्ही होतं आणि मित्र ओरडला, मिसबिहेवियर! बारा अक्षरं, चारही हजर, एम आहे, एच आहे, बी आहे, व्ही आहे. पण बी एचच्या आधी येतो. तो म्हणे आहेत ना सगळे, मग कशाला अडवतो. मी म्हटलं भाऊ, चार अक्षरं 24 प्रकारे मांडता येतात आणि आरटीओने त्यातला एकच दिलाय. हे 24 काही माझं नाही, भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या लीलावतीत हेच आहे, अंकपाश नावाच्या भागात. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म अदलून बदलून दिले तर मूर्ती किती प्रकारच्या होतील, उत्तर 24. पुढे शंकराचे दहा हात आणि दहा वस्तू, तिथे आकडा जातो 36 लाख 28 हजार 800 वर. आणि या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला तो आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला, शिलालेखच आहे तसा, 1207 चा. पाटणादेवीला सहलीला शंभर वेळा जाणारे लोक आहेत आमच्यात, पण तिथे ही गोष्ट काढली की म्हणतात आधी भरीत-पुरी खाऊ.

पुण्यातला भाचा कॉम्प्युटरवाला. त्याने ग्रेप नावाचा प्रोग्राम दाखवला, 1973 पासून आहे म्हणे, केन थॉम्पसनने लिहिलेला. डिक्शनरीची फाईल द्यायची, एम, टिंब, चांदणी, एच, टिंब, चांदणी असं काहीतरी टाइप करायचं की डोळ्यांची पापणी लवायच्या आत यादी हजर. आता तो फक्त पंच म्हणून ठेवलाय, भांडण झालं तरच फोन करायचा. खेळात घ्यायचा नाही.

केळीच्या सीझनला मात्र चंगळ असते, रावेर-यावलकडून निघालेले बाहेरच्या राज्यांचे ट्रक दिसतात आणि तिथे आम्ही नियम सैल करतो, फक्त राज्याची दोन अक्षरं. यूपीला अनकॉपीराइटेबल, पंधरा अक्षरं आणि एकही अक्षर दोनदा नाही, असा देखणा शब्द दुसरा नाही. आरजेला रीज्यूव्हिनेशन. एमपी तर हातचा मळ, इनकॉम्प्रिहेन्सिबिलिटी, 19. खरी गोची आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरतेची सगळी खान्देशी मंडळी गाड्या काढून गावाकडे येतात, जिकडे तिकडे जीजे 05. जी आणि पुढे जे असलेला शब्द आठवून बघा. आम्ही पार थकलो होतो, मग डॉक्टर मेव्हण्याने दिला, गॅस्ट्रोजेजुनोस्टॉमी, जठर लहान आतड्याला जोडायचं ऑपरेशन, सतरा अक्षरं. तेव्हापासून आखाजीला आमच्या गल्लीत पाहुणे उतरतात आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हे ऑपरेशन पुटपुटतो.

आपल्याच गाड्यांतलं डीजे मात्र अजून सुटलेलं नाही. एम, एच, डी, जे. पंचाला फोन केला, तो म्हणाला मामा, यादी कोरी आहे. मित्र म्हणतो बरोबर आहे, डीजे वाजत असला की शब्द ऐकूच येत नाही.